चहाच्या रंगाची लघवी: करवीर तालुक्यातल्या एका मुऱ्हा म्हशीचं प्रकरण

मुऱ्हा म्हैस, वय आठेक वर्षं, चौथं वेत, वजन पाचशे किलोच्या आसपास. हरियाणातून विकत आणलेली, मागची दोन वेतं याच गोठ्यात झालेली. व्याल्याला सतरा दिवस झाले होते. तक्रार दोन ओळींची: लघवी लाल होतेय, आणि चौदा लिटरची म्हैस पाच लिटरवर आलीय. गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावतीकाठी, करवीर तालुक्यातलं. महिना जानेवारीचा, कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतानाचा.

फोन घरातल्या मावशींचा होता. "डॉक्टर, म्हस परवापास्नं कोऱ्या चहावानी मुतायलीया. गाठी न्हाईत, रगत पडंना, पर रंग बघवंना." निम्मं निदान मावशींनी फोनवरच सांगून टाकलं होतं. मूत्रपिंडात किंवा मूत्राशयात रक्तस्राव होत असता तर लघवी लालभडक दिसली असती, कधी सुरुवातीला तर कधी शेवटी, आणि बऱ्याचदा गाठी पडल्या असत्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा कोऱ्या चहाचा रंग म्हणजे तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांच्या आतच फुटतायत आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडतंय. पेशी का फुटतायत, एवढाच प्रश्न उरतो. या प्रकरणात त्याचं उत्तर गव्हाणीत सापडलं, आणि ते सापडेपर्यंत दोन दिवस दुसऱ्याच आजारावर औषध चाललं होतं.

गोठ्यात तीन म्हशी होत्या. एक ही आजारी मुऱ्हा. दुसरी पंढरपुरी, खांद्याच्याही मागं गेलेल्या लांब शिंगांची, व्याल्याला दोन महिने झालेली, दिवसाला सहा लिटर देणारी. तिसरी पुन्हा मुऱ्हाच, आठ महिन्यांची गाभण, आटवलेली. तिघींची वैरण एकच. पंढरपुरी मजेत रवंथ करत होती. तीच वैरण, तोच गोठा, तेच पाणी आणि गोचीडही तेच, मग एकच म्हैस का पडावी? या प्रश्नापाशी लवकरच परत यावं लागलं.

आधीचा उपचार

लाल लघवी दिसली त्याच दिवशी गावात येणाऱ्या एका खासगी उपचारकाला बोलावलं होतं. त्यानं गोचीडताप धरून डायमिनॅझिनचं इंजेक्शन दिलं, सोबत रक्तस्राव थांबवणारं एक आणि तापाचं एक. दुसऱ्या दिवशी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली, कारण म्हैस थरथरत होती आणि "बसली तर उठायची न्हाई" ही भीती घरात सगळ्यांनाच होती. शिवाय व्याल्या दिवसापासून तोंडावाटे पातळ कॅल्शियम रोज चालूच होतं. लघवी मात्र गडदच होत गेली.

यात त्या उपचारकाला फार दोष देता येत नाही. लाल लघवी आणि गोचीडताप यांची गाठ आपल्याकडं इतकी पक्की बसलीय की तिसरा विचार कुणाच्या मनात येत नाही. संकरित होल्स्टिन गाईंमध्ये हे समीकरण बऱ्याचदा बरोबरही येतं. बबेसिया नावाचा एकपेशीय जीव गोचिडाच्या चावण्यातून रक्तात शिरतो, तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडतो. म्हशींमध्ये मात्र हा आजार उघड लक्षणांनिशी गाईंच्या मानानं कमी दिसतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या इंजेक्शनाला तर इथं कामच नव्हतं, कारण वाहिनी कुठंच फुटलेली नव्हती.

घरगुती उपायही झाले होते. उष्णता झाली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि ताक पाजलं होतं. त्यानं बिघडलं काही नाही. नजरही उतरवून झाली होती. ती फीमध्ये धरली नाही.

तपासणी

ताप १०१.२ अंश फॅरेनहाइट, म्हणजे नेहमीचाच. नाडी मिनिटाला ९६, एरवीच्या जवळजवळ दुप्पट. मानेतली शीर लांबूनही उडताना दिसत होती. छातीला कान लावायच्या आतच हृदयाचे ठोके ऐकू येत होते, रक्त पातळ झाल्याची ही खूण. डोळ्याची आतली पापणी उलटली तर पांढरीफटक, कडेला किंचित पिवळी झाक. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, चारही सडांतून सारखं. शेण कडक, आणि टाकताना म्हैस बराच वेळ कुंथत होती. शेवटी ज्या आजाराचं निदान झालं, त्याच्या म्हशींमधल्या वर्णनांत हे कुंथणं वारंवार येतं. नेमकं का होतं यावर मतभेद आहेत, पण गोठ्यात ते दिसलं की कान टवकारावेत.

अंगावर शोधून चार-दोन गोचीड सापडले, कासेच्या मागं आणि कानात. गोचीड सापडला म्हणजे गोचीडताप सिद्ध होत नाही. कोल्हापुरात बिनगोचिडाची म्हैस शोधायची तर नवी कोरी रंगवलेली मूर्तीच आणावी लागेल.

लघवी काचेच्या नळीत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. अर्ध्या तासानंतरही रंग वरपासून खालपर्यंत सारखाच होता, तळाशी काही बसलं नाही. रक्त असतं तर तांबड्या पेशी खाली बसून वर फिकं पाणी दिसलं असतं. मानेतून काढलेलं रक्तही असंच उभं ठेवलं, तर वर सुटलेलं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळसर असायच्या ऐवजी गुलाबी दिसलं. या दोन नळ्यांना खर्च शून्य, आणि त्यांनी मूत्रमार्गाचे आजार यादीतून काढून टाकले. स्नायू झिजून लघवी काळपट होते तेव्हा रक्ताचं पाणी स्वच्छच राहतं, त्यामुळं तोही प्रकार गेला.

हे सगळं हातमोजे घालून. कारण यादीत लेप्टोस्पायरोसिस अजून शिल्लक होता, आणि तो लघवीतून माणसाला होतो. पुराचं पाणी गोठ्यात शिरणाऱ्या पंचगंगा-भोगावतीच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही. मावशी मात्र उघड्या हातानंच गोठा लोटत होत्या. त्यांना साबण आणि प्लास्टिकचे मोजे, दोन्ही लगेच घ्यायला सांगितले.

काय काय असू शकलं असतं

लेप्टोस्पायरोसिसमध्ये लाल लघवी प्रामुख्यानं वासरां-रेडकांत दिसते. मोठ्या जनावरात गर्भपात, ताप, एकदम ढिली पडलेली कास आणि लालसर दूध अशी चिन्हं जास्त. इथं त्यातलं काहीच नव्हतं. यकृतातल्या पानाच्या आकाराच्या कृमींच्या पाठीवर बसून येणारा एक जिवाणूजन्य लाल मूत्ररोग आहे. पश्चिमेकडच्या भातखाचरांत, जिथं पाणी साचतं आणि गोगलगायी असतात, तिथं तो शक्य आहे. पण तो तापानं येतो आणि एक-दोन दिवसांत जनावर नेतो. आपली म्हैस तिसऱ्या दिवशी उभी होती. शेणात त्या कृमींची अंडीही दिसली नाहीत.

खाण्यातली विषबाधा हा वेगळा धागा. कांदा भरपूर खाल्ला तर तांबड्या पेशी फुटतात. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या पाल्यानंही हेच होतं. कोल्हापूरच्या बाजारातला उरलेला पाला गोठ्यात येतो, म्हणून खोदून खोदून विचारलं. "न्हाई ओ, पाला कोन आणतंय? वाडंच सरंना झालंय," असं घरातल्या थोरल्या मुलानं सांगितलं. या उत्तरामुळं पुढचा सगळा तपास वाड्याकडं, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वैरणीकडं वळला.

कानाच्या टोकाच्या शिरेतून रक्ताचे दोन काचपट्टे केले. गिम्सा रंग देऊन पाहिलं तर बबेसिया नाही, गोचिडातूनच येणारा दुसरा रक्तजीव थायलेरियाही नाही. दोन दिवसांपूर्वी डायमिनॅझिन दिलेलं असल्यानं नुसत्या काचपट्ट्यावर विसंबता येत नव्हतं, जीव असते तरी मेले असते. पण मग लघवी निवळायला हवी होती, ती गडद झाली होती. ताप नसणं, औषधाला दाद न देणं आणि व्याल्यापासूनचा सतरावा दिवस, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या: प्रसूतीनंतरचा लाल मूत्ररोग, ज्याच्या मुळाशी रक्तातला फॉस्फरस घटलेला असतो. गाईंमध्ये तो बहुधा व्याल्यापासून चारेक आठवड्यांत येतो, म्हशींमध्ये शेवटच्या गाभणकाळातही येतो. तिसऱ्या ते सहाव्या वेतातली, भरपूर दुधाची जनावरं त्याच्या तावडीत जास्त सापडतात. आपली म्हैस चौथ्या वेतातली, चौदा लिटरची.

रक्त शहरातल्या माणसांच्याच एका प्रयोगशाळेत दिलं. अजैविक फॉस्फरसची चाचणी तिथं रोजची असते, आणि म्हशीचं नाव पेशंटच्या रकान्यात लिहिताना काउंटरवरची मुलगी फक्त एकदा हसते. हिमोग्लोबिन ५.२ ग्रॅम आलं. कॅल्शियम ठीक होतं. फॉस्फरस डेसिलिटरला १.६ मिलिग्रॅम, जिथं तो चारच्या वर असायला हवा. यात एक मेख आहे. पेशी फुटलेल्या रक्तात पेशींतला फॉस्फेट पाण्यात उतरतो, त्यामुळं आकडा असतो त्यापेक्षा जास्तच दिसतो. म्हणजे खरी पातळी १.६ पेक्षाही खाली असणार. असा नमुना "हिमोलाइज्ड आहे, पुन्हा आणा" म्हणून परत येतो तेव्हा प्रयोगशाळेला समजावून सांगावं लागतं की या पेशंटचं रक्त पुन्हा काढलं तरी असंच येणार आहे.

गव्हाणीतला हिशेब

फॉस्फरस आणि तांबड्या पेशी यांचा संबंध असा. सस्तन प्राण्याच्या पक्व तांबड्या पेशीत ऊर्जा बनवायची दुसरी सोय नसते. ती फक्त ग्लुकोज तोडून जगते, आणि त्या साखळीत अजैविक फॉस्फेट लागतोच. रक्तातला फॉस्फेट घसरला की पेशीतला एटीपी, म्हणजे तिला ऊर्जा पुरवणारा रेणू, घसरतो. मग पेशीचं आवरण आपला लवचिक आकार राखू शकत नाही, पेशी ताठर होते आणि बारीक केशवाहिन्यांतून जाताना फुटते.

आता गव्हाणीत काय होतं ते पाहू. नोव्हेंबरपासून मुख्य वैरण एकच: उसाचं वाडं. तोडकऱ्यांकडून पेंढ्या मिळत होत्या, स्वतःच्या फडातलंही होतं. म्हशीमागं दिवसाला साधारण तीस किलो. सोबत दोनेक किलो कडबा. एरवी या म्हशीला सहा किलो गोळी पेंड आणि गव्हाचा भुसा (कोंडा) मिळायचा. पण दिवाळीनंतर घरात लग्न निघालं, हात आखडला, भुसा बंद झाला आणि गोळी दोन किलोवर आली. वाडं फुकट असताना पेंडीला पैसे कशाला, असा साधा विचार. तो घराघरांत होतो, आणि हिरवं वाडं खाऊन पोट भरलेली म्हैस पहिले काही दिवस दूधही देत राहते, त्यामुळं विचार बरोबर वाटतो.

तीस किलो वाड्यात कोरडा भाग आठेक किलो. त्यात फॉस्फरस ढोबळमानानं हजारात एक भाग, म्हणजे आठ ग्रॅम. कडब्यातून आणखी दोन ग्रॅम. दोन किलो गोळीतून दहाएक ग्रॅम धरू. झाले वीस. दुसऱ्या बाजूला, म्हशीच्या एका लिटर दुधातून एक ग्रॅमहून थोडा जास्त फॉस्फरस बाहेर जातो. चौदा लिटरचे पंधरा ग्रॅम. शेणावाटे जे अटळपणे जातं ते आणखी दहा-बारा. शिवाय खाल्लेल्यातला सगळा अंगी लागत नाही, पासष्ट-सत्तर टक्केच शोषला जातो. म्हणजे गव्हाणीत चाळीस ग्रॅम पडायला हवेत तिथं वीस पडत होते. भुश्यात आणि पेंडीत वाड्याच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. खर्च वाचवायला नेमकं तेच काढून टाकलं होतं.

पंढरपुरीचा प्रश्नही इथंच सुटतो. सहा लिटर दुधातून तिचे सहा-सात ग्रॅमच जात होते. ती खायचीही थोडी कमी. तिचा जमाखर्च ओढून ताणून बसत होता. हरियाणाची म्हैस आणायची आणि तिला गावच्या म्हशीइतकंच खाऊ घालायचं, हा व्यवहार कोल्हापूर जिल्ह्यात मी वरचेवर पाहतो. म्हैस विकत घेताना लिटर मोजले जातात, ते लिटर कशातून येणार हे फारसं मोजलं जात नाही.

कॅल्शियमचं प्रेम

या घरात कॅल्शियमची कमतरता नव्हती. उलट रेलचेल होती. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे नेतं, म्हणून वाड्याबरोबर चुन्याची निवळी द्यावी, हा सल्ला ऊसपट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. सल्ला चुकीचा नाही. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव हळूहळू ऑक्झॅलेट पचवायला शिकतात, त्यामुळं रुळलेल्या म्हशीत त्याचा त्रास घोड्याइतका होत नाही. या घरात निवळी होती, पातळ कॅल्शियम होतं, वर शिरेतून बाटली. फॉस्फरस काठावर असताना कॅल्शियम असं ओतत राहिलं की आतड्यात फॉस्फरसचं शोषण आणखी अडतं. शरीरातला ऐंशी टक्क्यांहून जास्त फॉस्फरस हाडांत असतो. तो बाहेर काढायचा तर हाड विरघळावं लागतं, आणि रक्तात कॅल्शियम मुबलक असताना हाड विरघळवणारं संप्रेरक शांत बसतं. या म्हशीत नेमकं किती काय घडलं हे एका रक्ततपासणीवरून सिद्ध होत नाही, पण दिशा तीच.

थोरल्या मुलानं बाटली आणून दाखवली. "ह्यात फॉस्फरस हाय की, लिवलंय बघा." लिहिलेलं होतं खरं. अशा अनेक बाटल्यांत फॉस्फरस हायपोफॉस्फाइटच्या रूपात असतो, आणि जनावराचं शरीर त्याचा फॉस्फेट बनवू शकत नाही. ताकदीची म्हणून मिळणारी सेंद्रिय फॉस्फरसची इंजेक्शनंही ही तूट भरून काढत नाहीत. घटकांच्या यादीत फॉस्फरस पाहून औषध निवडणारे पशुवैद्यही मी पाहिलेत. लागतो तो फॉस्फेट.

उपचार

सोडियम ॲसिड फॉस्फेट ६० ग्रॅम, ३०० मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून, गाळून, शिरेतून अगदी सावकाश दिलं. बारा तासांनी तेवढंच कातडीखाली, तीन-चार जागी वाटून. तोंडावाटे ६० ग्रॅम दिवसातून दोनदा, गुळाच्या पाण्यातून. फुटलेल्या हिमोग्लोबिनचा मूत्रपिंडांना त्रास होऊ नये म्हणून सलाइन. नंतरच्या दिवसांत लोह, बी१२ आणि यकृताचं टॉनिक. कॅल्शियम पूर्ण बंद. फॉस्फेट आणि कॅल्शियम एका नळीतून कधीच जाऊ द्यायचे नाहीत, दोन्ही एकत्र आले की साका बनतो. हा मजकूर वाचून कुणी मालकानं स्वतः शिरेतून काही द्यायला जाऊ नये. वेग चुकला तर म्हैस जागेवर कोसळते.

खरा पेच रक्त द्यायचं की नाही हा होता. हिमोग्लोबिन पाचाच्या आसपास, नाडी ९६, पेशी अजून फुटतायत. म्हशीला रक्त द्यायचं तर चार-पाच लिटर तरी हवं. माणसाच्या पिशव्या साडेतीनशे-साडेचारशे मिलीच्या. पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या जनावराला दुसऱ्याचं रक्त सहसा चालून जातं, तो अडथळा नव्हता. अडथळा होता दात्याचा. घरातली गाभण म्हैस चालणार नव्हती, पंढरपुरी स्वतःच काठावर. शेजाऱ्यांचा धष्टपुष्ट रेडा होता. त्याचे मालक, एक आबा, ऐकून घेत म्हणाले, "द्या की रगत, आमचं काय जातंय. पर रेडा धरणार कोन?" तेवढ्यात हशा झाला आणि आबांनी चार पोरं बोलावून ठेवली. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं: नाडी शंभराच्या वर गेली किंवा म्हैस बसली तर रेडा धरायचा. दोन्ही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी फिकट तांबूस होती. तिसऱ्या दिवशी पिवळी. म्हशीनं वैरणीत तोंड घातलं, कुंथणं थांबलं. इथं घरच्यांना वाटलं, बरी झाली. लघवी निवळणं म्हणजे पेशी फुटायच्या थांबल्या, एवढंच. गेलेलं रक्त भरून यायला कित्येक आठवडे जातात. त्या काळात म्हशीला उन्हात चालवणं, नदीवर नेणं बंद ठेवलं. रोज शंभर ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट चालू केलं. त्यात फॉस्फरस साधारण अठरा टक्के असतो. हो, त्यात कॅल्शियमही असतं, पण दोन्ही प्रमाणात. सोबत दोन किलो भुसा आणि गोळी हळूहळू पाच किलोपर्यंत. वाडं बंद केलं नाही. जानेवारीत ऊसपट्ट्यातल्या माणसाला वाडं बंद करा म्हणणं हा सल्ला म्हणजे नुसती हवा. तीस किलोचं पंधरावर आणलं आणि मक्याची कुट्टी व कडबा वाढवला.

एक वाद दुधावरून झाला. आधीच्या इंजेक्शनांचा अंश दुधात उतरतो, म्हणून लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत ते दूध संस्थेला घालू नका, घरातही वापरू नका, असं सांगितलं. मावशी गप्प झाल्या. पाच लिटर का होईना, दहा दिवसांच्या बिलात ते दिसतं. त्यांनी दूध घातलं नाही असं त्या सांगतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो.

बाकीचं चित्र

या आजारावर भारतात काम झालंय, पण ते मुख्यतः उत्तरेतल्या चाऱ्याभोवती फिरतं. पंजाब-हरियाणात बरसीम हा हिरवा चारा खाणाऱ्या म्हशींत लाल लघवीच्या तक्रारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी बऱ्याच नोंदवल्या. पाकिस्तानी पंजाब आणि इजिप्तमधूनही तशीच वर्णनं येतात. न्यूझीलंडमध्ये गाईंच्या याच लक्षणात तांब्याच्या कमतरतेवर भर दिला गेला. म्हैस हा विषय घेऊन उभी राहिलेली केंद्रीय संस्था १९८५ पासून हिसारला आहे. जनावरांच्या पोषणावरची राष्ट्रीय संस्था बेंगळुरूला, १९९५ पासून. तिनं पुढं आणलेली कल्पना मला या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वाटते: ज्या भागात माती आणि चारा ज्या खनिजात कमी, त्या भागापुरतं वेगळं खनिज मिश्रण. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस धरून ठेवतात, पूर्वेच्या चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियम. दोन्हीकडं पिकाला तो सहज मिळत नाही, कारणं वेगळी. एकाच जिल्ह्यात एकच पिशवी सगळ्यांना पुरेल असं मानणं मला धाडसाचं वाटतं.

आपल्याकडं दूध संस्थेत रोज प्रत्येक घराच्या दुधाचं फॅट मोजलं जातं, दशांशापर्यंत. हंगामाच्या ऐन भरात, ताज्या व्यालेल्या आणि दहा लिटरवरच्या निवडक म्हशींच्या रक्तातला फॉस्फरस गावागणिक मोजला, तर कुठल्या पट्ट्यात किती म्हशी काठावर आहेत हे एका हंगामात कळेल. लाल लघवी होणारी म्हैस हे टोकाचं जनावर. तिच्यामागं कितीतरी म्हशींत तीच तूट माजावर न येणं, माती-चिंध्या चघळणं, दूध घसरणं अशा रूपानं शांतपणे चालू असू शकते, आणि तिथंही हाती येते ती कॅल्शियमचीच बाटली.

आजारी म्हैस पाचव्या आठवड्यात साडेदहा लिटरवर आली. चौदा या वेतात पुन्हा दिसले नाहीत. हिमोग्लोबिन नऊच्या पुढं गेलं, फॉस्फरस पुन्हा मोजला तेव्हा ४.८ होता.

राहिली तिसरी, गाभण मुऱ्हा. तिचा हिशेब तोच होता, फक्त व्यायचं बाकी होतं. तिला त्याच आठवड्यापासून भुसा, गोळी आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलं, चुन्याची निवळी बंद केली. रक्त तपासूया म्हटलं तर थोरला मुलगा म्हणाला, "तिला काय झालंय? उगंच खर्च." लग्नाचं देणं अजून फिटलं नव्हतं, आग्रह केला नाही. चैत्रात ती व्याली, रेडी झाली. लघवी पहिला महिनाभर रोज सकाळी मावशींनी पांढऱ्या वाटीत धरून पाहिली, पिवळीच होती. तिचा फॉस्फरस किती होता हे मात्र कुणालाच माहीत नाही.